तमासुराचा खोकला

आमच्या अ‍ॅनिमेशन मालिकेतला खलनायक तमासुर पहिल्या चार भागांत मिळून 19 वेळा हसतो. मी मोजलंय, कारण ते हसणं मीच लिहिलं होतं. "हाऽहाऽहा, आता हे जग अंधारात बुडणार!" जग अंधारात बुडवून त्याच्या पदरात काय पडणार होतं, हे मात्र 13 भागांच्या आराखड्यात कुठेच नव्हतं. तेजोमण्याचे सात तुकडे हरवलेत, आमची नायिका चिमी ते शोधतेय. ती तुकड्यापाशी पोचते, तमासुर उशिरा येतो, हसतो, हरतो, निघून जातो. पुढच्या भागात पुन्हा तेच.

हे पहिल्यांदा खटकलं ते स्टोरीबोर्ड, म्हणजे शॉटवार कच्ची चित्रं, काढणाऱ्या आमच्या पोराला. नाशिकच्या इंदिरानगरमधल्या एका फ्लॅटच्या हॉलमध्ये आमचं काम चालतं. सहावा भाग काढता काढता तो म्हणाला, "ताई, याचे हात कुठे ठेवू?"

मला प्रश्नच कळेना.

"अहो, चिमीला काहीतरी हवं असतं, म्हणून तिचा हात तिकडे जातो. याला काहीच नकोय. मग मी आपला दर वेळी हात वर करून ठेवतो."

काढलेली पानं चाळली. पानापानावर तमासुर शेतातल्या बुजगावण्यासारखा उभा. त्या रात्री पाचव्या भागाचं अ‍ॅनिमॅटिक, म्हणजे कच्ची चित्रं आणि कच्चा आवाज जोडून केलेली फीत, भाच्याला दाखवलं. वय वर्षं सात. तमासुर आला की हा पाणी प्यायला उठायचा. चिमी आली की परत येऊन बसायचा. एवढी तहान त्याला एरवी मे महिन्यातही लागत नाही.

निर्मात्यांना फोन केला. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: पहिले चार भाग पूर्ण झालेत, त्यातलं एकही चित्र बदलणार नाही. तमासुराचं रूप तेच, रिग तेच. पाचपासून पुढे कथेत हवं ते करा, पण नवीन बॅकग्राउंड एकच मिळेल. मुदत तीन आठवडे. त्यांचंही चूक नव्हतं. आमचं काम कटआउट पद्धतीचं; पात्राचे हात, पाय, डोकं वेगवेगळं काढून कळसूत्री बाहुलीसारखं सांध्यांत जोडायचं, हेच रिग. ते नव्याने बांधायचं म्हणजे पुन्हा पैसे आणि पुन्हा दिवस.

पहिला आठवडा मी वाया घालवला. तमासुराला लहानपणीच पोरका केला, वर एक दुष्ट काका दिला. लिहिताना माझेच डोळे पाणावले. दुसऱ्या दिवशी वाचलं तर सगळं जिथल्या तिथे: दुःख भरपूर, पण त्या दुःखापायी हा माणूस रोज सकाळी उठून करतो काय, ते नाहीच.

रविवारी वैतागून पांडवलेणी चढले. नावात पांडव असले तरी ती बौद्ध लेणी, त्रिरश्मी डोंगरातली. क्रमांक 3 च्या लेण्यात गौतमी बलश्रीचा लेख आहे. मुलाचं, गौतमीपुत्र सातकर्णीचं, तोंड भरून कौतुक: याने क्षहरातांचा, म्हणजे शत्रू राजघराण्याचा, वंश निःशेष केला. तिथून काही लेणी ओलांडली की क्रमांक 10. तिथे क्षहरात नहपानाचा जावई उषवदात बोलतोय: मी तीन लाख गाई दिल्या, तापी, दमणा अशा नद्यांवर लोकांसाठी फुकट नावा ठेवल्या.

लहानपणापासून दहा वेळा तरी ही लेणी पाहिली असतील. पण हे दोन लेख शेजारी ठेवून कधी पाहिले नव्हते. एकात ज्यांचं नाव पुसल्याचा अभिमान, दुसऱ्यात त्यांच्याच घरातला माणूस लोकांना फुकट नदी पार करून देतोय. माझ्या मालिकेत क्रमांक 3 होतं. क्रमांक 10 मी कोरलंच नव्हतं.

उतरता उतरता तमासुर नावाडी झाला.

बाकीचं भराभर सुचत गेलं. चिमीचे आजोबा वरच्या बांधाचे राखणदार. एका पावसाळी रात्री बांध फुटायला आला, म्हणून त्यांनी दरवाजे उघडले. खाली सांगावा धाडायला वेळ नव्हता, किंवा त्यांनी काढला नाही; हे मी मुद्दाम नक्की केलं नाही. नदीत माणसांनी भरलेली नाव होती. नावाडी तेवढा वाचला, छातीत पाणी घेऊन. तमासुर हे लोकांनी नंतर ठेवलेलं नाव. तेजोमण्याचे तुकडे दरवाज्यांच्या खोबणीत बसले की दरवाजे कायमचे बंद, नदी पुन्हा कधी खाली येणार नाही. त्याला हवंय ते एवढंच. खालची गावं तहानेने मरतील, हे त्याला ऐकूच येत नाही.

आणि तो दर वेळी उशिरा का येतो? वाटेत नदी लागते. तो पाण्यात पाय घालत नाही, वळसा घालून येतो. चार पूर्ण भागांतली माझी ढिलाई एका वाक्यात मार्गी लागली, ही लबाडी मला फार आवडली.

"हात वल्हं धरल्यासारखे ठेव," मी पोराला सांगितलं. त्याने तिथेच काढून दाखवले. रिकामे, पण मुठी अर्धवट मिटलेल्या.

उरलं हसणं. डिझाइन करताना खर्च वाचवायला आम्ही तमासुराच्या तोंडावर फडकं बांधलं होतं, म्हणजे ओठ जुळवायला नकोत. ती कंजुषी आता कामी आली. चित्राला हात न लावता संवाद बदलता येत होते. हसताना त्याचे खांदे गदागदा हलत, आणि खोकणाऱ्या माणसाचेही तसेच हलतात. आवाज देणाऱ्या काकांना परत बोलावलं. ते म्हणाले, "हसण्याचे पैसे दिलेत, खोकण्याचे वेगळे." दिले. 17 ठिकाणी खोकला बसला.

एकमेव बॅकग्राउंड पुराच्या रात्रीला दिलं. गोदाघाटावर पूर किती हे क्युसेकमध्ये कोण विचारतं? पाणी नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या गुडघ्याला लागलं की कमरेला, हेच विचारतात. म्हणून नदीत एक दगडी मूर्ती उभी केली आणि पाण्याचा थर वेगळा ठेवला. तीन शॉट, चित्र एकच, पाणी वर सरकवत नेलं: गुडघे, कंबर, गळा. नाव बुडताना दाखवलीच नाही.

नवा दुसरा भाग भाच्याला दाखवला. तमासुर आला, खोकला. पोरगं जागचं हललं नाही. "मावशी, याला बरं नाहीये का?"

चौथ्या भागातली दोन हसणी मात्र काही केल्या सुटली नाहीत. डोकं मागे टाकलेलं, हात वर, कॅमेरा अगदी जवळ. तिथे खोकला ठेवला की मिरगी आल्यासारखं वाटायचं. ती तशीच राहिलीत. तो भाग लागला की तेवढ्यापुरती मी पाणी प्यायला उठते.