टाकीत थांबलेला पैसा

दिंडोरी तालुक्यातील आमच्या बागेत वडील अनेक वर्षे थॉमसन सीडलेस ही खाण्याची बिनबियांची द्राक्षे पिकवत. फेब्रुवारीत व्यापारी बागेत येई, सौदा ठरे, माल क्रेटमध्ये भरून जाई आणि हिशेब बहुधा त्याच हंगामात मिटे. वाइनरी सुरू केली तेव्हा हाच हिशेब मिटायला किती थांबावे लागेल, याची पुरेशी कल्पना मला नव्हती.

नव्या काड्यांसाठीची एप्रिलची खरड छाटणी आणि फळासाठीची पावसाळ्यानंतरची गोडी छाटणी खाण्याच्या आणि वाइनच्या द्राक्षांत सारखीच असते. वाटा त्यापुढे वेगळ्या होतात. खाण्याच्या द्राक्षाचा मणी जिबरेलिक ॲसिड देऊन फुगवतात, तर वाइनच्या मण्याला लहानच राहू द्यावे लागते, कारण रंग आणि टॅनिन, म्हणजे वाइनला तुरटपणा देणारे घटक, सालीत असतात व लहान मण्यात रसाच्या मानाने साल अधिक भरते. शिराझ या लाल वाइनच्या द्राक्षाच्या वेलींवरचे जवळजवळ निम्मे हिरवे घड मी उतरवले, त्या दिवशी वडील बांधावर थोडा वेळ उभे राहिले आणि काही न बोलता घरी गेले. आयुष्यभर एकेक घड जपलेल्या माणसाला ते पाहवले नाही, हे मी समजू शकतो.

शेनिन ब्लां या पांढऱ्या वाइनच्या द्राक्षाची तोडणी पहाटे उरकून रस पंधरा अंशांच्या आसपास आंबवला, की ती वाइन त्याच वर्षी विकता येते. शिराझ मात्र वर्षभर ओकच्या पिंपात आणि पुढे काही महिने बाटलीत राहते. तोवर दुसरा हंगाम दाराशी येतो, मजुरी द्यावी लागते आणि वीज गेली तर टाक्या थंड ठेवण्यासाठी जनरेटरला डिझेल लागते.

राज्याच्या 2001 च्या द्राक्षप्रक्रिया धोरणामुळे शेतकरी कुटुंबांना या व्यवसायाची वाट मोकळी झाली, याबद्दल मी कृतज्ञ आहे. तरीही प्रत्येक राज्याचे उत्पादनशुल्काचे नियम वेगळे आणि लेबलची नोंदणीही वेगळी. लाखो बाटल्यांवर विभागले जाणारे ते शुल्क आमच्या काही हजार बाटल्यांना पेलत नाही, म्हणून आम्ही महाराष्ट्राबाहेर जात नाही. जानेवारी 2022 मध्ये सुपरमार्केटमध्ये वाइन विकू देण्याचा निर्णय मंत्रिमंडळाने घेतला होता, पण विरोधामुळे तो अमलात आला नाही. मला त्यातून विक्रीपेक्षाही वातानुकूलित जागेची आशा होती. मे महिन्यात दुकानाच्या वरच्या फळीवर व्हिस्कीशेजारी तापत उभ्या असलेल्या बाटलीतला शेनिनचा गंध उडून जातो, आणि पहिल्यांदाच वाइन चाखणारा ग्राहक दोष दुकानाला नव्हे, आमच्या लेबलला देतो. त्यामुळे एप्रिलनंतर थंड कपाट नसलेल्या दुकानाला आम्ही माल देत नाही. पैसा आणखी थांबतो, पण हा निर्णय मी बदलणार नाही.

शनिवार-रविवारी वाइनरीवर येणाऱ्यांना आम्ही स्वतः चव देतो. वडील जुन्या सौद्यांच्या वहीत आता पिंपांच्या नोंदी ठेवतात. त्यात 2023 च्या शिराझपुढचा रकाना अजून कोरा आहे.