साडीचा फॉल, लिंबाची पानगळ

‘साडीला फॉल लावून द्या’ म्हणताना आपण इंग्रजी बोलतोय हे ध्यानातही येत नाही. फॉल म्हणजे पडणं. जुन्या इंग्रजीत ‘फेआलन’, जर्मनमध्ये आजही ‘फालन’. १७व्या शतकात इंग्लंडात खांद्यावर पडणाऱ्या कॉलरलाही फॉल म्हणत. साडीचा फॉल या अर्थाशी जुळतो: काठाला वजन आलं की निऱ्या सरळ पडतात. सुती पट्टी, अडीच मीटरच्या आसपास लांब, चार-पाच इंच रुंद. आधी भिजवून, वाळवून, इस्त्री करून लावावी. नाहीतर पहिल्याच धुण्यात पट्टी आटते आणि काठाला चुण्या पडतात.

अमेरिकेत फॉल हा ऋतू. १६व्या शतकात इंग्रज ‘फॉल ऑफ द लीफ’, म्हणजे पानगळ, म्हणायचे. पुढं नुसतं फॉल उरलं. इंग्लंडात ऑटम टिकला, अमेरिकेनं फॉल धरून ठेवला. या दोघांआधी त्या दिवसांना हार्वेस्ट म्हणत, म्हणजे आपली सुगी! मराठवाड्यापुरतं तेच नाव बरोबर. ऑक्टोबरात आपल्याकडं सोयाबीन निघतं, कापूस वेचणीला येतो. लिंबाचा, म्हणजे कडुलिंबाचा, पाला झडतो तो शिवरात्र-होळीच्या सुमाराला. त्यामुळं पुस्तकात फॉल दिसला की डोळे झाकून ‘शिशिर’ लिहू नका.

पोरांचा गोंधळ होतो तो ‘फेल’पाशी. फॉलचा भूतकाळ फेल, म्हणजे पडला. पण फेल हे वेगळं क्रियापदही आहे: झाड पाडणं. त्याचा भूतकाळ फेल्ड. आपल्या पडणे-पाडणेसारखीच ही जोडी, फक्त इंग्रजीत अशा जोड्या आता थोड्याच उरल्यात. परीक्षेतला फेल मात्र लॅटिनमधून फ्रेंचमार्गे आलेला. त्याचं फॉलशी नातं नाही.

आपलं पडणे आलं संस्कृत ‘पत्’पासून. तेही फॉलचं भावंड नव्हे. ‘पत्’ म्हणजे पडणं तसंच उडणंही, म्हणून पंखालाही ‘पत्र’. त्याच मुळातून इंग्रजीचं फेदर, म्हणजे पीस, निघालं.

भाषांतरात एकच शब्द सगळीकडं चालत नाही. भाव पडतो, पण पान गळतं. फॉल्स म्हणजे धबधबा. तिथं इंग्रजीनं पडणं पाहिलं, मराठीनं आवाज ऐकला. आणि कपाशीची पातेगळ (कळ्या गळणं) किंवा जालन्याकडच्या मोसंबीची फळगळ इंग्रजीत सांगायची तर फॉल नको, शेतीच्या इंग्रजीत तिथं ‘ड्रॉप’ म्हणतात.