लंडनच्या रो-हाऊसवर गच्ची, आणि बाजूला वेगळं दार

पुण्या-नाशकात स्लॅब पडला की गच्ची आपसूक मिळते. लंडनमध्ये मागच्या एकमजली खोलीचं सपाट छप्पर बघून चार खुर्च्या टाकाव्याशा वाटल्या, तरी कौन्सिलकडे, म्हणजे तिथल्या पालिकेकडे, रीतसर अर्ज लागतो. परवानगीविना करता येणाऱ्या कामांत बाल्कनी बसत नाही, 30 सेंटिमीटरपेक्षा उंच ओटाही नाही. निर्णयाची मुदत 8 आठवडे. घोडं बहुधा एकाच ठिकाणी अडतं: वर उभं राहिलं की शेजाऱ्याच्या खिडकीत नजर जाते. म्हणून नकाशातच बाजूंना 1.7 मीटर उंच धूसर काच दाखवलेली बरी.

मग छपराचं वजन. नुसतं डागडुजीला चढण्यापुरतं छप्पर चौरस मीटरला 60 किलोच्या हिशेबाने बांधलेलं असतं. गच्चीला किमान 150 धरावे लागतात, वर 20 मिलिमीटरच्या पोर्सेलिन लादीचे साधारण 45 वेगळे. जुने लाकडी वासे तसेच ठेवून चालत नाही.

सगळ्यात जास्त घोळ गच्चीवर उघडणाऱ्या दाराच्या उंबऱ्याशी होतो. उतार 40 ला 1, म्हणजे 3 मीटरला 75 मिलिमीटर. त्यात इन्सुलेशनचे 120. शिवाय वॉटरप्रूफिंग भिंतीवर 150 चढवायचं. बेरीज 345! उतार घरापासून बाहेर काढला की दाराशीच हे सगळं एकावर एक येतं आणि आतून फूटभराहून उंच पायरी निघते. हा हिशेब दाराची ऑर्डर देण्याआधी करायचा. नंतर मिस्त्री वॉटरप्रूफिंगची उंची मारतो आणि पहिल्याच हिवाळ्यात खालच्या खोलीचं छत ओलं होतं. लाद्या पेडेस्टलवर, म्हणजे छोट्या पायांवर, ठेवल्या तर बाहेरची पातळी उंबऱ्याजवळ आणता येते, पाणी खालून वाहतं. पानांनी जाळी तुंबतेच, तेव्हा पाणी उतरायच्या तोंडाखेरीज कठड्यातून एक जादा नळीही काढा. कठडा 1100 मिलिमीटर, फटी 100 पेक्षा कमी, आडव्या पट्ट्या नकोत, पोरं चढतात.

सामाईक भिंतीत तुळई बसवायची असेल तर 1996 च्या पार्टी वॉल कायद्याची नोटीस 2 महिने आधी द्यावी लागते. शेजारी 14 दिवस गप्प बसला तर तो वाद धरला जातो, सर्व्हेयर नेमले जातात आणि त्यांची फी सहसा काम काढणाऱ्याच्याच बोकांडी.

बाजूने ये-जा करायच्या वेगळ्या दाराचं मात्र नीट समजून घ्या. नुसतं दार काढणं सोपं. पण त्यामागे स्वतंत्र स्वयंपाकघर, न्हाणीघर आणि कुलूप आलं, की एका घराची दोन झाली: परवानगी वेगळी, कौन्सिल टॅक्स, म्हणजे तिथली घरपट्टी, वेगळा. मधल्या तक्तपोशीने 43 डेसिबल तरी आवाज अडवला पाहिजे, आणि काम संपल्यावर तशी चाचणी होते. आई-बाबांच्या मुक्कामापुरती सोय हवी असेल तर आतून जोडणारं दार ठेवा, स्वयंपाकघर एकच ठेवा आणि नकाशावर ते तसंच दाखवा.