निरंकवालं ठाणं

जिल्ह्यातल्या सगळ्या ठाण्यांकडून दर महिन्याला अ‍ॅट्रॉसिटीच्या गुन्ह्यांची माहिती मागवायची, तक्ता जुळवायचा, वर पाठवायचा, हे माझं काम. एका ठाण्याची माहिती कायम निरंक, म्हणजे एकही गुन्हा नाही. शेजारच्या ठाण्यात गुन्हे दाखल होतात, त्यामुळे क्राईम मीटिंगला बोलणी खातो तो तिथला पीआय, म्हणजे पोलीस निरीक्षक, जो खरं तर काम करतोय.

मागे त्या निरंकवाल्या ठाण्यात गेलो तेव्हा मी एनसी रजिस्टर, म्हणजे अदखलपात्र तक्रारींची वही, मागितलं. तक्त्यात एनसी कोणी विचारतच नाही. आणि सगळं तिथं होतं. एप्रिलात जयंतीच्या मिरवणुकीवरून मारामारी, लग्नसराईत वरात देवळासमोरून नेली म्हणून मारहाण, पोळ्याला बैलांवरून, आणि सरपंचपद राखीव झालेल्या गावातून तर तक्रारीच तक्रारी. कलमं तीच, मारहाण आणि शिवीगाळीची, पूर्वीची ३२३, ५०४, आता ११५(२), ३५२, आणि खाली 'जुन्या वादातून शिवीगाळ, कोर्टात दाद मागण्याची समज दिली'. जात कुठंच नाही, पत्त्यात भीमनगर दिसतं तेवढंच.

अहो, २०१५ च्या दुरुस्तीत वरात काढू न देणं, नवरदेवाला घोड्यावर बसू न देणं हे नाव घेऊन गुन्ह्यात घातलंय! पण अ‍ॅट्रॉसिटी लावली की तपास डीवायएसपींकडे (उपअधीक्षकांकडे), ६० दिवसांत दोषारोपपत्र, समाजकल्याणला मदतीचा प्रस्ताव, आरोपीला अटकपूर्व जामीन नाही म्हणून पुढारी ठाण्यात येऊन बसणार. एनसीला यातलं काहीच नाही, अर्ध्या पानात काम संपतं. त्यामुळे जिल्ह्याचा नकाशा रंगवला की दिसतं ते कुठलं ठाणं लिहून घेतं एवढंच, आणि वर त्यावरून कुठला तालुका शांत ते ठरतं. खैरलांजीत २००६ साली एका दलित घरातली चार माणसं मारली, शिक्षाही झाल्या, तरी कोर्टात अ‍ॅट्रॉसिटी टिकली नाही. मग एनसीतल्या माणसाचं काय होणार.

त्या वरातीतल्या नवरदेवाची आई तेव्हा नक्कल न्यायला आलेली. म्हणाली, "साहेब, जातीवरून बोलले ते मी सांगितलेलं, यात नाही." हवालदार म्हणतो, "मावशी, तेव्हा नाही बोललात तुम्ही." आणि समोरच्या पार्टीनं तिच्या मुलावर चेन ओढल्याची फिर्याद दिली, त्या फिर्यादीला गुन्हा नंबर त्याच रात्री मिळालेला.

मी सगळ्या एनसींची यादी करून डीवायएसपी साहेबांना टिपणी दिली. त्यांनी बाईंचा जबाब नव्याने घ्यायला लावला, गुन्हा दाखल झाला. पण आता बँडवाले म्हणतात आम्ही काही ऐकलं नाही, त्यांना त्याच गावात सुपाऱ्या घ्यायच्यात, आणि बाकीच्या यादीचं अजून काहीच झालेलं नाही.