इंडेंचर्ड सर्व्हंट म्हणजे तू का गं आई?

गेल्या रविवारी आमचं पोरगं पोहे खात खात कार्डं पाठ करत होतं. आपल्याला चौथीला शिवाजी महाराज, तसं इथे अमेरिकेत, व्हर्जिनियात चौथीला जेम्सटाउन, म्हणजे इंग्रजांची इथली पहिली टिकलेली वसाहत. कार्डाच्या एका बाजूला शब्द, दुसऱ्या बाजूला अर्थ, आणि विचारायला मी. १६०७ झालं, कॅप्टन जॉन स्मिथ झाला, पोकाहोंटास झाली, हाउस ऑफ बर्जेसेस, म्हणजे वसाहतीची पहिली विधानसभा, १६१९ पण बरोबर सांगितलं. मग कार्ड आलं 'इंडेंचर्ड सर्व्हंट'. अर्थ त्याने घडाघडा म्हटला, की जहाजाचं भाडं दुसऱ्याने भरायचं आणि त्या बदल्यात चार ते सात वर्षं त्याच्याकडे राबायचं. आणि घास गिळून म्हणतो, "म्हणजे तुझ्यासारखं ना? तुझं पण तिकीट कंपनीने काढलेलं."

नवरा हसला. मला नाही हसू आलं.

मी लगेच वकिली सुरू केली. मला पगार मिळतो, मी दोनदा नोकरी बदललीय, कुणी मला मारत नाही, आणि मी माझ्या मर्जीने आलेय. पोरगं शांतपणे म्हणालं, "ते पण मर्जीनेच आले होते, पुस्तकात लिहिलंय." आता काय बोलणार.

रात्री झोप येईना म्हणून वाचत बसले. इंडेंचर हा शब्दच मुळात दातांवरून आलाय. करार एकाच कागदावर दोनदा लिहायचा आणि मधून वेडावाकडा, दातेरी कापायचा, एक तुकडा मालकाकडे आणि एक चाकराकडे. भांडण झालं तर दात जुळवून बघायचे. मला ते फारच आवडलं, कारण माझा आय-१४० चा कागद, म्हणजे माझ्या ग्रीन कार्डासाठी कंपनीने केलेला अर्ज, आमच्या वकिलाच्या फायलीत आहे आणि माझ्याकडे आहे त्याची पीडीएफ.

दुसरी गोष्ट हेडराइट. जो माणूस दुसऱ्याचं भाडं भरून त्याला व्हर्जिनियात आणेल त्याला माणशी ५० एकर जमीन. आणणाऱ्याला हं, येणाऱ्याला नाही! दहा माणसं आणा, ५०० एकर घ्या. येणारा मात्र मालकाच्या परवानगीशिवाय लग्न करू शकत नव्हता, पळाला आणि सापडला की मुदत वाढायची. मुदत संपली की थोडा मका, कपडे, कुठे एखादं अवजार, की झाला मोकळा. सुरुवातीच्या काळात तर कित्येक जण मुदत संपायच्या आधीच तापाने नाहीतर उपासमारीने गेले. बेंजामिन फ्रँकलिनसुद्धा बॉस्टनला सख्ख्या भावाच्या छापखान्यात असाच कराराने बांधलेला शिकाऊ होता, आणि १७२३ साली सतराव्या वर्षी करार मोडून पळाला. आज तो शंभराच्या नोटेवर आहे. पोराला हे सांगितलं तर म्हणतो, मग तू का नाही पळत.

का नाही पळत! भारतात जन्मलेल्यांची ग्रीन कार्डाची रांग तुम्हाला माहितीच आहे, वर्षाच्या कार्डांपैकी एका देशाला फार तर सात टक्के, मग देश लक्झेंबर्ग असो नाहीतर आपण. नोकरी गेली तर दुसरी शोधायला साठ दिवस, नाहीतर देश सोडा. अण्णांच्या ऑपरेशनला मी गेले नाही कारण परत यायला लागणाऱ्या व्हिसाच्या शिक्क्याची, स्टॅम्पिंगची, तारीख मिळत नव्हती आणि तेव्हाच्या मॅनेजरने "आत्ता गेलीस तर बघ" असं गोड आवाजात सांगितलं होतं. पण म्हणून मी सर्व्हंट? आमचं घर आहे, दोन गाड्या आहेत, दर दिवाळीला गावी पैसे जातात. चार-सात नाही, अकरा वर्षं झालीत, हे मात्र मी पोराला सांगितलं नाही.

आणि एक फरक मी त्याला नीट बसवून सांगितला, कारण इथे लोक ही कराराची चाकरी आणि गुलामी मुद्दाम एकात एक घालतात. १६१९ च्या ऑगस्टमध्ये व्हर्जिनियाच्या किनाऱ्यावर पॉइंट कम्फर्टला वीसेक आफ्रिकन लोक उतरवले, त्यांना कुणी विचारलं नव्हतं. पुढे १६६२ चा कायदा आला की बाळ गुलाम की मोकळं हे आईवरून ठरणार. तिथे दातेरी कागदही नाही आणि मुदतही नाही. आपलं रडगाणं त्यांच्या शेजारी मांडायचं नाही, एवढं मला कळतं.

पण उचल त्याला कशी समजावू? कारण इंडेंचर्डला मराठीत मला तोच शब्द सापडला. आमच्या कागलकडे ऊस तोडायला बीडवरून टोळ्या यायच्या, मुकादमाकडून आधीच उचल घेतलेल्या. ती फिटेपर्यंत नवरा-बायको दोघांनी तोडायचं, दोघं मिळून हिशेबात एकच 'कोयता', पोरं पाचटाच्या खोपीत. माझ्याच वयाची एक मुलगी आमच्या विहिरीवर पाणी भरायला यायची आणि मी दप्तर घेऊन तिच्या समोरून शाळेत जायचे. आम्ही चांगले वागायचो त्यांच्याशी, आई ताक द्यायची, सणाला पोळी द्यायची. आता हे लिहिताना ताकाची आठवण आधी का येतेय कोण जाणे.

वाचता वाचता आणखी एक सापडलं. १६३० च्या दशकात व्हर्जिनियातल्या एका जमीनदाराने ज्यांच्या नावावर हेडराइटची जमीन मागितली, त्या यादीत एक आहे 'टोनी, ईस्ट इंडियन'. खरं नाव गेलं, गाव गेलं. म्हणजे आपला माणूस इथे आयटीच्या तीनेकशे वर्षं आधी आलेला! माझी छाती फुगली आणि लगेच खाली पण बसली, कारण त्याच्या येण्याची जमीन दुसऱ्यालाच मिळणार होती.

टोनीचं कार्ड शाळेच्या गठ्ठ्यात नाही. मी एक कोरं कार्ड घेऊन लिहिलं. पोरगं म्हणालं, टेस्टला येणार नाही, कशाला.

लेबर डेला आम्ही जेम्सटाउनला गेलो होतो. तिथे जुन्या काळासारखी शेती करून दाखवतात, आणि जॉन रॉल्फने ज्याच्यावर ही वसाहत जगवली तो तंबाखू शेतात उभा होता. पानाला हात लावला तर तोच चिकटपणा आणि तोच वास, निपाणीच्या बाजाराच्या दिवसाचा. मला एकदम भरून आलं. डोक्याएवढं झाड, वर गुलाबी फुलं. फोटो काढून अण्णांना पाठवला आणि खाली लिहिलं, "अण्णा, अमेरिका इथून सुरू झाली."

दोन मिनिटांत त्यांचा व्हॉइस मेसेज आला. "फुलं येस्तोवर काय झोपले होते का गं हे? शेंडा खुडा म्हणावं आधी, पान कसं भरंल."