सत्ता बदलली की भुलीचं इंजेक्शन संपतं

मी आयुष्यभर लेबर रूममध्ये नोकरी केली. आधी स्टाफ नर्स, मग सिस्टर इन्चार्ज. त्यामुळे कोणतीही कादंबरी वाचताना त्यात दवाखाना आला की माझं वाचन आपोआप संथ होतं. सलाइन कुठल्या हाताला आहे, पेशंटच्या उशाशी कोण उभं आहे, औषध कुणी आणायचं, हे सगळं मी बघत बसते. निवृत्तीनंतर खालिद हुसैनी आणि अतीक रहिमी या अफगाण लेखकांची पुस्तकं एकामागून एक वाचली, तीही अशीच.

अफगाणिस्तानातल्या उलथापालथींची यादी लांब आहे. १९७३ साली राजा झहीर शाह इटलीत असताना दाऊद खानने सत्ता घेतली. १९७८ च्या एप्रिलमध्ये कम्युनिस्टांनी दाऊदला मारलं. १९७९ च्या डिसेंबरात रशियन फौजा शिरल्या, १९८९ मध्ये परत गेल्या. १९९२ साली मुजाहिदीन, म्हणजे रशियनांशी लढलेले गट, काबूलमध्ये आले आणि आपसातच लढले. १९९६ मध्ये तालिबान, २००१ मध्ये अमेरिका, २०२१ च्या ऑगस्टमध्ये पुन्हा तालिबान. एवढं कुठल्याही वर्तमानपत्राच्या कात्रणात सापडतं. यातल्या प्रत्येक तारखेनंतर एखाद्या घरातलं नेमकं काय संपलं, ते मला कादंबऱ्यांनी सांगितलं.

हुसैनींच्या ‘अ थाउजंड स्प्लेंडिड सन्स’मध्ये लैलाच्या बाळंतपणाचं प्रकरण आहे. साल १९९७. काबूलवर तालिबानची सत्ता येऊन वर्ष होत आलेलं. लैलाला कळा सुरू होतात आणि नेहमीच्या दवाखान्याच्या दारातच कळतं, की इथे आता बायकांना घेत नाहीत. बायकांसाठी शहरात एकच ठिकाण ठेवलंय, राबिया बल्खी हॉस्पिटल. तिथे ही गर्दी. मूल फिरत नाही, सिझर करावं लागणार. आणि डॉक्टरीणबाई लैलाची सोबतीण मरियम हिला सांगतात की भूल द्यायला काही नाही. एक्स-रे नाही, ऑक्सिजन नाही, साधी अँटिबायोटिक्स नाहीत. संस्थांकडून मदत आलीच, तर ती पुरुषांच्या दवाखान्यांकडे वळवली जाते.

लैला म्हणते, मग तशीच चिरा आणि माझं बाळ मला द्या.

सिझर म्हणजे काय असतं ते मला माहीत आहे. कातडी, चरबी, स्नायूंवरचा पडदा, मग पोटाचा, मग गर्भाशय. थर एकेक करून उघडायचा आणि एकेक करून शिवायचा. स्पायनल, म्हणजे पाठीच्या कण्यातलं भुलीचं इंजेक्शन, नीट लागलं नाही आणि बाईला चिमटा जाणवला, तर हात तिथेच थांबतो, थांबायलाच हवा. इथे हात थांबवायची सोयच नाही. लैला किंचाळायच्या आधी किती वेळ गेला, याचं मरियमला पुढे कायम कौतुक वाटत राहिलं, असं हुसैनी लिहितात आणि बाकीचं आपल्यावर सोडतात. ते स्वतः कॅलिफोर्नियात डॉक्टर होते. रक्ताचं वर्णन कुठे थांबवायचं याची समज त्यांना तिथूनच आली असावी.

पण त्या प्रकरणात मला सगळ्यात जवळची वाटली ती दारातली नर्स. वरून हुकूम असा, की ऑपरेशनसुद्धा बुरख्यातच करायचं. तोंडावर जाळी ठेवून टाके घालायचे! म्हणून डॉक्टरीणबाई बुरखा काढतात आणि एक नर्स दाराशी उभी राहून बाहेर कोणी येतंय का ते बघते. तिला पुस्तकात ओळ-दोन ओळी मिळाल्या असतील. मी मात्र तिथेच अडकले. ऑपरेशन थिएटरमधली नर्स म्हणजे इन्स्ट्रुमेंट्सच्या ट्रॉलीजवळचे दोन हात. ते दोन हात पहाऱ्याला लागले, म्हणजे टेबलाजवळ दोन हात कमी पडले. राजवट सामान्य माणसाचं काय करते, असं मला कोणी विचारलं तर मी या नर्सकडे बोट दाखवीन. तिला कोणी मारलं नाही, तुरुंगात टाकलं नाही. तिचं काम तिच्या हातून काढून तिला दाराशी उभं केलं.

हे लेखकाने कल्पनेनं रचलेलं नाही. १९९७ मध्ये काबूलच्या बायकांना खरोखरच राबिया बल्खीकडे वळवण्याचा हुकूम निघाला होता. आणि २०२४ च्या डिसेंबरमध्ये तालिबानने मुलींना नर्सिंग आणि मिडवाइफरीचं शिक्षणही बंद केलं. सहावीनंतरची शाळा आधीच बंद, विद्यापीठं २०२२ च्या डिसेंबरपासून बंद. दायीकाम आणि नर्सिंग एवढी एक फट उरली होती. ज्या देशात बाईला पुरुष डॉक्टरांनी तपासणं अनेक ठिकाणी चालत नाही, तिथे पुढच्या पिढीच्या बाळंतिणींजवळ कोण उभं राहणार? माझ्या हाताखाली शिकून गेलेल्या मुलींचे चेहरे ती बातमी वाचताना डोळ्यांपुढे आले आणि मला रडू आवरलं नाही.

तालिबान वाईट, एवढंच सांगणारी कादंबरी असती तर मी ती दुसऱ्यांदा उघडली नसती. लैलाच्या वडिलांचं पात्र बघा. ते शाळामास्तर. १९७८ मध्ये कम्युनिस्ट आले आणि त्यांची नोकरी गेली. पुढे ते काबूलच्या सायलो या पाव बनवण्याच्या कारखान्यात काम करतात. त्यांचे दोन मुलगे जिहादला जातात आणि रशियनांशी लढताना मरतात. एवढं सोसून हा माणूस मुलीला सांगतो, की अफगाणिस्तानात बाई म्हणून जगायला हा काळ चांगला आहे, शिकून घे. ज्या सरकारने त्यांचा फळा-खडू हिसकावला, त्याच सरकारच्या काळात त्यांची मुलगी शाळेत जाते. लैलाची आई मात्र मुलगे गेल्यापासून अंथरुणाला खिळलेली. मुजाहिदीन जिंकून काबूलमध्ये येतात त्या दिवशी ती उठते, आवरते, सवाष्णीसारखी सजते. आपल्या मुलांचं रक्त फळाला आलं असं तिला वाटतं. नवरा-बायको एकाच छपराखाली आणि दोघांच्या मनात दोन सरकारं. पुढे त्याच विजयी गटांची रॉकेटं शहरावर पडायला लागतात आणि सामान बांधून निघायच्या दिवशी हे दोघंही त्यात जातात.

आणखी एक प्रसंग आपल्याकडचे वाचक फारसा लक्षात ठेवत नाहीत. मरियम आणि लैला, एकाच नवऱ्याच्या दोन बायका, त्याच्या मारहाणीतून सुटायला घर सोडतात. पेशावरला जायचं म्हणून बस अड्ड्यावर एका अनोळखी माणसाला आपला नातलग म्हणून सोबत यायची गळ घालतात. तो पैसे घेतो आणि त्यांना पकडून देतो. चौकीत लैला अधिकाऱ्याला विनवते, घरी पाठवलं तर तो आम्हाला जिवंत ठेवणार नाही. अधिकारी म्हणतो, घरात पुरुषाने काय करावं हा त्याचा प्रश्न. त्याच संध्याकाळी त्यांना नवऱ्याच्या, रशीदच्या ताब्यात दिलं जातं. हे १९९४ सालचं आहे, तालिबान काबूलमध्ये यायच्या दोन वर्षं आधीचं! रशीद तर कुठल्याच राजवटीने घडवलेला नाही. तो बूट शिवणारा, हाताने चांगला कसबी, मनाने दुष्ट माणूस. असे पुरुष आमच्या वॉर्डाबाहेरच्या बाकावरही बसलेले असायचे; पाय घसरून पडली म्हणून सांगायचे. फरक एवढाच, की आम्ही एम.एल.सी., म्हणजे पोलिसांकडे जाणारी मेडिको-लीगल केस, नोंदवू शकत होतो. पुढे काय व्हायचं ते व्हायचं, पण कागद व्हायचा. सरकारं कोसळत राहिली की बाईच्या बाजूचा तो एक कागदही उरत नाही, आणि रशीदसारख्यांना रान मोकळं मिळतं.

हुसैनींचीच ‘द काइट रनर’ बहुतेकांनी वाचलेली असते किंवा सिनेमा तरी पाहिलेला असतो, म्हणून तिच्याविषयी थोडंच. नायक अमीरच्या बालपणीचा छळवादी मोठेपणी नेमका तालिबानचा अधिकारी होऊन समोर येतो, हा योगायोग मला पटत नाही. पण त्यातली नानवाल्याची काठी मी विसरणार नाही. लहानपणी अमीर आणि त्याचा सवंगडी हसन लाकडी काठी घेऊन नानवाल्याकडे जातात. तो दर नानमागे काठीवर एक खाच पाडतो. महिनाअखेरीला अमीरचे वडील खाचा मोजून पैसे चुकते करतात. विचारणा नाही, कागद नाही. हेच वडील पुढे अमेरिकेत पेट्रोल पंपावर राबतात, आणि एकदा दुकानात चेक दिल्यावर दुकानदार ओळखपत्र मागतो तेव्हा संतापाने दुकानाची नासधूस करतात. दोन वर्षं तुझ्याकडून माल घेतोय आणि तू माझी ओळख मागतोस! निर्वासित म्हणजे सामान गेलेला माणूस, असं आपण समजतो. या गृहस्थाची गेली ती पत. काबूलमध्ये त्याने अनाथाश्रम बांधला होता, हे त्या किराणा दुकानात कुणाला ठाऊक?

अतीक रहिमींकडे वळले की पानं कमी होतात आणि भार वाढतो. ते १९६२ साली काबूलमध्ये जन्मले, ऐंशीच्या दशकात देश सोडून फ्रान्सला गेले. ‘अर्थ अँड अ‍ॅशेस’ त्यांनी दारीत, म्हणजे अफगाणिस्तानातल्या फारसीत लिहिली. दस्तगीर नावाचा म्हातारा नातवाला घेऊन एका पुलाजवळच्या चौकीपाशी बसलाय. खाणीकडे जाणारा ट्रक यायची वाट बघतोय. खाणीत त्याचा मुलगा मुराद काम करतो. रशियनांनी गाव बेचिराख केलं, मुरादची आई गेली, बायको गेली, आणि हे त्याला सांगायला बाप निघालाय. जवळ सफरचंदांचं गाठोडं. धूळ. नसवारची, तोंडात धरायच्या तंबाखूची चिमूट. नातवाचं नाव यासीन. बॉम्बच्या आवाजाने तो बहिरा झालाय, पण हे त्याला उमगलेलं नाही. त्याला वाटतं, रणगाडे आले आणि सगळ्यांचे आवाज घेऊन गेले. लोक तोंड हलवतात, आवाज येत नाही. तो दगडावर दगड आपटून बघतो, तर दगडांचाही आवाज गेलेला.

कानाचा पडदा फाटलेली मुलं मी पाहिली आहेत. मोठ्यांना आपल्याला ऐकू येत नाही हे कळतं, म्हणून ते घाबरतात. लहान मूल घाबरत नाही, ते चिडतं. समोरचा मुद्दाम बोलत नाही असं त्याला वाटतं. रहिमींनी हे अचूक पकडलंय. शिवाय अख्खं पुस्तक म्हाताऱ्याला ‘तू’ म्हणत लिहिलंय. तू बसलायस, तू वाट बघतोयस. काही पानांतच तो ‘तू’ वाचणाऱ्याला लागू होतो. मुलाला सांगावं की सांगू नये, या प्रश्नाने म्हातारा पोखरून निघतो. मृत्यूची बातमी नातेवाइकांना सांगायला व्हरांड्यात जाणं हा आमच्या नोकरीतला सगळ्यात अवघड भाग. दस्तगीरला तो व्हरांडा कित्येक मैलांचा आहे, आणि पलीकडे त्याचाच मुलगा उभा आहे.

रहिमींच्याच ‘द पेशन्स स्टोन’ला २००८ चं गोंकूर हे फ्रान्समधलं मानाचं साहित्य पारितोषिक मिळालं. ती त्यांनी फ्रेंचमध्ये लिहिली. मानेत गोळी घुसून बेशुद्ध पडलेला मुजाहिद, आणि त्याची शुश्रूषा करणारी बायको. गोळीसुद्धा शत्रूची नव्हे, आपल्याच गटातल्या भांडणात लागलेली. ज्या भावांच्या जोरावर तो मिरवला, ते पळून गेलेत. बाहेर गोळीबार, घरात दोन लहान मुली, आणि सलाइन संपलंय. ती मीठ-साखरेचं पाणी करते आणि थेंब थेंब देत राहते. जपमाळेच्या मण्यांवर त्याचे श्वास मोजते. आणि नवरा ऐकत नाही, निदान उलट बोलत नाही, हे पाहून आयुष्यात पहिल्यांदा त्याच्याशी मोकळेपणाने बोलू लागते.

हे पुस्तक अफगाण कवयित्री नादिया अंजुमनच्या स्मृतीला अर्पण केलेलं आहे. तालिबानच्या पहिल्या राजवटीत हेरातमध्ये बायका शिवणवर्गाच्या नावाखाली जमायच्या आणि साहित्य शिकायच्या. पिशवीत वरती कापड, खाली वह्या. नादिया तिथेच घडली. तालिबान गेले, ती विद्यापीठात गेली, कवितांचं पुस्तक आलं. २००५ च्या नोव्हेंबरमध्ये, नवऱ्याने मारहाण केल्यानंतर ती गेली. वय चोवीस. तेव्हा काबूलमध्ये निवडून आलेलं सरकार होतं.

हुसैनी आणि रहिमी दोघेही बाहेर राहून लिहितात, अशी तक्रार मी ऐकली आहे. हुसैनी तर अकरा वर्षांचे असताना देशाबाहेर पडले. तक्रार खोटी नाही, पण त्यांच्या पुस्तकांचं मोल त्याने कमी होत नाही. आत राहून लिहिणाऱ्यांचं वाचायचं असेल, तर २०२२ साली ‘माय पेन इज द विंग ऑफ अ बर्ड’ हा कथासंग्रह आलाय. दारी आणि पश्तोत लिहिणाऱ्या अठरा अफगाण बायकांच्या कथा, इंग्रजी अनुवादात. पुस्तकाचं काम चालू असतानाच काबूल पुन्हा पडलं. त्यातल्या एका कथेत ऐंशीच्या दशकातली वृत्तनिवेदिका आहे. शहरावर रॉकेटं पडतायत आणि ही रात्रपाळीला, बातम्या वाचायला निघते. रात्रपाळीला निघताना लहान मूल घरी ठेवून जाणं काय असतं, ते ज्या बायकांनी केलंय त्यांना या कथेची ओळख करून द्यावी लागणार नाही.

सुरुवात कुठून करावी असं मैत्रिणी विचारतात. मी ‘अर्थ अँड अ‍ॅशेस’ देते; ती एका दुपारी वाचून होते. मग ‘अ थाउजंड स्प्लेंडिड सन्स’. फक्त घरात कोणी गरोदर असेल तर तिला ते पुस्तक बाळंतपणानंतर द्या. आणि वाचून झालं की दारातल्या त्या नर्सबद्दल तुम्हाला काय वाटलं ते मला नक्की कळवा.