तुम्ही विचारलंत म्हणून: एक्स-रेसाठी इंदूर कशाला?

"कॉलेजात एक्स-रेचं मशीन आहे ना, मग सारखी इंदूरला कशाला जातेस?" लग्नकार्यात हा प्रश्न ठरलेलाच. एका मावशींनी तर "तिकडे फोटो स्वस्तात निघतो का?" असंही विचारलं. आता तुम्हीही विचारलंत, म्हणून सांगते.

कॉलेजातल्या मशीनचा एक्स-रे एकाच ठरलेल्या ऊर्जेचा. मला ती ऊर्जा हवी तशी चढवत न्यायची असते. लोखंड 7112 इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या आसपास एकाएकी एक्स-रे गिळायला लागतं. आलेखातली ती उडी जरा पुढे सरकली की अणूनं किती इलेक्ट्रॉन गमावलेत ते समजतं. ही सोय इंदूरच्या इंडस-2 या सिंक्रोट्रॉनमध्ये आहे. 172.5 मीटर परिघाच्या कड्यात इलेक्ट्रॉन चुंबकांपाशी वळतात आणि वळता वळता किरण फेकतात.

कडं एका रात्रीत उभं राहिलं नाही. आधी 1999 मध्ये जेमतेम 19 मीटर परिघाचं इंडस-1 चाललं. त्याला कुणी खेळणं म्हटलं की मला राग येतो. माणसांचा हात तिथेच बसला. 2005 मध्ये इंडस-2 सुरू झालं. आजही मायक्रोट्रॉन या सुरुवातीच्या छोट्या यंत्रामधून इलेक्ट्रॉन 20 दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्टवर निघतात, बूस्टर या मधल्या कड्यात 550 दशलक्षांवर जातात, आणि मोठ्या कड्यात शिरल्यावर 2.5 अब्जांपर्यंत चढवले जातात. त्यांना ढकलणाऱ्या रेडिओ लहरींसाठी लागणाऱ्या क्लायस्ट्रॉन नावाच्या निर्वात नळ्यांच्या जागी तिथल्या लोकांनी स्वतःच सॉलिड-स्टेट अ‍ॅम्प्लिफायर बनवले. स्वीडनमधल्या लुंडच्या मॅक्स-4 सारखी नवी कडी कितीतरी तेजस्वी आहेत, हे खरंच. पण माझ्या लोखंडाला इंदूरचा उजेड पुरतो.

खरी धडपड मात्र खलात असते. लोखंड असलेल्या नमुन्याची पावडर बोरॉन नायट्राइड या एक्स-रे फारसे न अडवणाऱ्या भुकटीमध्ये घोटून नाण्याएवढी गोळी दाबायची. सुईच्या टोकाएवढं भोक राहिलं तरी किरण तिथून निसटतो आणि उडीची उंची खोटी येते. पहिल्या खेपेला माझी गोळी पहाटे तीनला तडकली होती. पुन्हा घोटली, हचमध्ये, म्हणजे किरण येतो त्या बंद खोलीत, बसवली, आत कुणी राहिलं नाही ना हे पाहून एकेक बटण दाबलं, दार लावलं. शटर उघडलं.

दिसलं काहीच नाही, मावशी. काचेपलीकडे काळोख, आणि पडद्यावर हळूहळू उतरत जाणारा बीमचा, म्हणजे कड्यात फिरणाऱ्या इलेक्ट्रॉनच्या प्रवाहाचा, आकडा. तो फार उतरायच्या आत मला तीन स्कॅन उरकायचे होते. दोन झाले.